मन, मत आन् पुरावा: गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत मानसशास्त्राचा पेपर देणारी पोट्टी असतात, त्यांना सोडायला आलेले बाप असतात, कधीमधी आशाताई येऊन बसतात, आणि सगळे फिरून फिरून तेच ते विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. क्रम काही खास नाही, पण दुसरा प्रश्न सोडू नका, बाकीचं बरंचसं त्याच्यावरच उभं आहे.

सायकॉलॉजी शिकलेल्या माणसाले आपल्या मनातलं ओळखू येते का जी?

नाही येत. समोरचा खोटं बोलतो का खरं, एवढं एकच ओळखायला सांगितलं तरी माणसं सरासरी शंभरातून ५४ वेळा बरोबर येतात, म्हणजे छापाकाट्याच्या जरासं वर, आणि पोलिसांसारखे अनुभवी लोकही फार पुढं जात नाहीत. लग्नात कोणी "मी सायकॉलॉजी केली, तुमच्या डोळ्यात मला सगळं दिसतं" म्हणाला तर त्याला जेवायला बसवा आणि विषय बदला.

मन तर दिसतच नाही, मग हे सायन्स कसं?

मन दिसत नाही पण मनाचं काम दिसतं. किती वेळात उत्तर दिलं, कुठं चुकला, काय आठवलं, काय विसरला, हे मोजता येतं. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये यासाठी प्रयोगशाळा काढली, आपल्याकडं कलकत्ता विद्यापीठात १९१६ ला मानसशास्त्राचा वेगळा विभाग सुरू झाला, म्हणजे विषय काही कालपरवाचा नाही.

पण नुसतं मोजलं म्हणून सायन्स होत नाही. खरी गोष्ट पुढं आहे आणि ती शेतकऱ्याला प्रोफेसरापेक्षा लवकर कळते. कृषी केंद्रवाला टॉनिकची बाटली देतो, तुम्ही सगळ्या पऱ्हाटीवर फवारता, बोंडं चांगली लागतात, पुढल्या साली परत तीच बाटली. आता बोंडं टॉनिकनं लागली का यंदा पाऊस वेळेवर आला म्हणून लागली, सांगा? सांगताच येत नाही. चार तास, म्हणजे पऱ्हाटीच्या चार ओळी, बिनफवारलेले सोडले असते तर सांगता आलं असतं. आणि ते चार तासही धुऱ्याकडच्या हलक्या जमिनीतले सोडायचे नाहीत, नाहीतर टॉनिक काही न करताच जिंकलं, म्हणून कोणते तास सोडायचे ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. ही चिठ्ठीची पद्धत खरंच वावरातून आली आहे. रोनाल्ड फिशर नावाचा गणितवाला १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात कामाला लागला, खतांच्या आणि बियाण्यांच्या चाचण्यांचा हिशोब लावता लावता त्यानं हे पक्कं केलं, आणि तिथून ते औषधांच्या न् मनाच्या प्रयोगांत गेलं.

त्यामुळं कोणी काही दावा केला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: कशाच्या तुलनेत? फायदा झाला म्हणता, पण काही न करणाऱ्याचं काय झालं? या पानावर हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल, कंटाळा करू नका.

वावर अर्धं फवारता येते, माणसाचं मन अर्धं कसं फवारनार?

चांगला प्रश्न आहे. कधी माणसांचेच चिठ्ठी टाकून दोन गट करतात, आणि कधी परिस्थितीच गट पाडून देते. या दुसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. तमिळनाडूत ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना संशोधकांनी दोनदा गाठलं, एकदा तोडीच्या आधी, जेव्हा खिशात दमडी नसते आणि सावकाराकडं वस्तू गहाण असतात, आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यावर. दोन्ही वेळी आकृत्यांची कोडी घातली आणि लक्ष टिकतं का ते बघितलं. तोच माणूस, तेच डोकं, पण पैशाच्या ओढाताणीत उत्तरं जास्त चुकत होती. २०१३ मध्ये हे छापून आलं. गरीब माणूस अक्कल कमी म्हणून गरीब असतो असं म्हणणाऱ्यांना चांगलंच उत्तर मिळालं.

आता शंका काढा. तोडीच्या आधी नुसतं ऊन जास्त असेल तर? किंवा दुसऱ्या वेळी कोड्याची सवय झाली म्हणून जमलं असेल तर? त्यांनी हे धरलं होतं. कारखाना सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात नेत नाही, कोणाची तोड लवकर कोणाची उशिरा, म्हणजे त्याच महिन्यात काही पैसेवाले आणि काही बिनपैशाचे मिळतात. सवयीचाही हिशोब लावला होता. हे वाचून मला तरी त्यांच्या कामाबद्दल भरवसा वाटला. पण २०१६ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या लोकांनी पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी केली तर फरक सापडला नाही. मग खरं कोणाचं? पगार पंधरा दिवसांनी येतो, ऊस वर्षातून एकदा जातो, दोन्ही ओढाताणी सारख्या नाहीत असं म्हणता येतं, पण तेवढ्यावर वाद मिटत नाही. कापूस-सोयाबीनवाल्यांवर असा अभ्यास व्हावा असं मला लय वाटते.

आमच्या आबाचा ६० वर्षांचा अनुभव हाये, तो काय खोटा?

अनुभव खोटा नसतो, त्याचा हिशोब एकतर्फी राहतो. पीटर वेसननं १९६० मध्ये लोकांना तीन आकडे दिले, २, ४, ६, आणि म्हटलं हे एका नियमात बसतात, तुम्ही आपले आकडे सांगा, मी बसतात का नाही ते सांगतो, मग नियम ओळखा. बहुतेकांनी मनात धरलं की दोन-दोननं वाढतात. मग ८, १०, १२ सांगितलं, हो आलं. २०, २२, २४, हो. पक्कं झालं म्हणून उत्तर दिलं आणि चुकले. नियम फक्त "चढते आकडे" एवढाच होता, १, ७, ५० पण चाललं असतं. आपलं म्हणणं मोडेल असा आकडा त्यांनी टाकूनच बघितला नाही.

आबाचंही तसंच होतं. मांजर आडवी गेली आणि बैल लंगडला ते वर्षानुवर्षं ध्यानात राहतं, मांजर आडवी गेली आणि काहीच झालं नाही ते दिवस कोण मोजतं? मात्र जमीन, बियाणं, ढग यांबद्दल आबाचं ऐका, कारण तिथं चूक झाली की त्याच हंगामात खिशाला कळते आणि माणूस सुधारतो.

भेंडवळची घटमांडणी खरी निघते का नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात होत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गाव आहे, तिथं अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखून १८ प्रकारची धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, वर पापड, करंजी वगैरे, बाजूला पानविडा. रात्रभर तिकडं कोणी जात नाही. सकाळी उजाडता उजाडता बघतात, कोणतं धान्य आत सरकलं, कोणतं बाहेर गेलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, आणि त्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी येतात, टीव्हीवाले येतात.

मला ती प्रथा बघायला आवडते, तिची टर मला उडवायची नाही. पण खरी का खोटी हे तपासायचं तर आधी बसून ठरवावं लागेल की खरी निघाली म्हणजे काय. "जूनमध्ये पाऊस साधारण, जुलैत बरा, कापूस मोघम, भाव तेजीत" असं भाकीत असलं तर मला सांगा, कोणत्या वर्षी ते चुकलं असं म्हणता येईल? मोघम म्हणजे किती क्विंटल? साधारण पाऊस म्हणजे किती मिलिमीटर, आणि कुठं, वरुडला का वाशिमला? एकाच दिवशी आपल्या गावात नदीला पूर आणि शेजारच्या गावात धूळ, असं दर साली होतं, त्यामुळं कोणाला ना कोणाला ते बरोबर वाटणारच.

म्हणून असं करा. भाकीत आलं की त्याच दिवशी वहीत लिहा, पावसाचे आकडे तहसीलच्या मंडळनिहाय नोंदीतून घ्यायचे हे आधीच ठरवा, आणि बाजूला दुसरं भाकीत लिहा जे तुम्ही न बघता दर वर्षी एकच ठेवाल: "पाऊस सरासरीइतका, पीक मध्यम." दहा साल चालवा. घटमांडणीनं त्या आंधळ्या भाकिताला हरवलं तर मी स्वतः भेंडवळला पेढे घेऊन जाईन. आणि हवामान खात्यालाही हीच वही लावा, त्यांना काही सूट नाही, फक्त ते आकड्यात बोलतात, देशभरच्या पावसासाठी सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य असं छापून सांगतात, त्यामुळं चुकले की पकडता येतात.

पण ज्योतिष्यानं माझ्याबद्दल अगदी बरोबर सांगितलं ना भाऊ!

"तुमचा स्वभाव मोकळा आहे पण मनातलं सगळ्यांना सांगत नाही, कष्ट करता पण चीज होत नाही, जवळच्यानंच धोका दिला." आता गावात कोणाला हे लागू होत नाही ते दाखवा. बर्ट्रम फोररनं १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना चाचणी घेऊन प्रत्येकाचं व्यक्तिमत्त्व लिहून दिलं, किती जुळतं म्हणून पाचपैकी गुण द्या म्हटलं, सरासरी ४.२६ गुण पडले. कागद सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

आपल्या महाराष्ट्रातलंही आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या, यातली हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती एवढं सांगा म्हटलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. २००९ मध्ये हे छापून आलं. त्यात ज्योतिष्यांना कोणी शिव्या दिल्या नव्हत्या, तुमचंच शास्त्र तुमच्याच पद्धतीनं वापरा असंच म्हटलं होतं.

शाळेत कार्यक्रम झाला, पोरीनं डोळ्यावर पट्टी बांधून पुस्तक वाचलं. म्हणे मेंदूनंच वाचायला शिकवतात, कोर्सची फी हजारो रुपये. घ्यावा का?

नका घेऊ. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूला खाली फट राहते, स्वतः बांधून पाहा, पायाची बोटं दिसतात. आता पोरगी पुस्तक कुठं धरते ते बघा: नेहमी नाकाच्या खाली, छातीजवळ, आणि मान जराशी वर. तुम्ही फक्त म्हणा, बेटा, पुस्तक कपाळाच्या वर धरून वाच. नाहीतर चिठ्ठी तिच्या पाठीमागं धरा. मेंदूतूनच वाचत असेल तर वर काय आन् मागं काय. बहुतेक वेळी तिथंच आयोजक मधी पडतात की आज तिचं लक्ष नाही, निगेटिव्ह एनर्जी आहे.

पोरीला लबाड म्हणू नका मात्र. टाळ्या वाजतात, मायबाप खूश होतात, तिला स्वतःलाही कधी कधी वाटायला लागतं की आपल्याला जमतं. जर्मनीत शंभरेक वर्षांमागं हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, टाप आपटून उत्तर द्यायचा, मालक बिचारा प्रामाणिक होता, पैसेही घेत नव्हता. ऑस्कर फुंग्स्टनं तपासलं, १९०७ ला अहवाल दिला: विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं की घोडा नापास, आणि विचारणारा दिसत नसला तरी नापास. बरोबर आकडा आला की माणसाची मान नकळत हलायची, घोडा ते बघून थांबायचा. मालकालाही माहीत नव्हतं की आपण खूण करतो.

बोटांचे ठसे घेऊन पोराची करिअर सांगणारी टेस्ट, "पोरगा उजव्या मेंदूचा आहे", "आपण मेंदू दहाच टक्के वापरतो", हे सगळं त्याच दुकानातलं. पोराला तेवढ्या पैशात चष्म्याचा नंबर तपासून घ्या, खरंच.

बाबाकडं गेल्यावर बायकोले फरक पडला. मग?

माणूस बाबाकडं कधी जातो? दुखणं एकदम चढलेलं असतं तेव्हा. बरीच दुखणी, पाठ असो, डोकं असो, उदासी असो, चढतात आणि उतरतात, त्यामुळं शिखरावर असताना काहीही केलं, अंगारा लावा का बिस्किट खा, त्यानंतर थोडं खालीच यायचं आणि नाव अंगाऱ्याचं होतं. त्यात कोणीतरी तासभर आपलं ऐकून घेतलं, धीर दिला, याचाही खरा फायदा होतो, तो मी नाकारत नाही. इथंही तेच, कशाच्या तुलनेत? काहीच न करता किती बायांना फरक पडला असता?

हलकं दुखणं असलं तर गेले पाच-पन्नास रुपये. पण झोप उडाली, जेवण सुटलं, जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली, तर अंगाऱ्यावर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर विचारा, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथं गेलो की गावात पागल म्हणतील ही भीती खरी आहे, म्हणतातही काही लोक, तरी जा.

आपल्याच भागातलं काम सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम चालला, गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी उदासीबद्दल बोलणं, समुपदेशन, गरज पडली तर डॉक्टर. आधी उदासी असलेल्या शंभरातले ४.३ जण उपचारापर्यंत पोचायचे, नंतर २७.२. मोठा फरक आहे. पण तुम्ही आता हुशार झाला आहात, विचाराल, कशाच्या तुलनेत? त्याच गावांच्या आधीच्या स्थितीच्या तुलनेत, कार्यक्रम नसलेली शेजारची गावं तुलनेला घेऊन मोजलेली नव्हती. तेवढी कसर धरूनही मला हे काम भरवशाचं वाटते.

जागलीवर असताना रात्री कोणीतरी छातीवर येऊन बसते, हलता येत नाही. हे तर भूतच ना?

स्वप्नाच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खाटेवरून पडलो असतो. कधी डोकं आधी जागं होतं आणि अंग मागं राहतं. डोळे उघडे, हलता येत नाही, श्वास जड, आणि अर्धं स्वप्न चालूच, म्हणून कोपऱ्यात कोणी उभं दिसतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. झोप तुटक झाली की आणि उताणं झोपलं की जास्त होतं, आणि रानडुकरांसाठी मचाणावर जागल करणाऱ्याची, रात्रीच्या लायनीवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्याची झोप तुटकच असते. कुशीवर झोपा, दुपारी भरपूर झोप काढा. वारंवार व्हायला लागलं तर डॉक्टरला सांगा.

दहा ग्रुपवर आलं, सगळेच खोटं बोलतील का?

दहा ग्रुपवर आलं म्हणजे दहा जणांनी तपासलं असं नाही, एकानं लिहिलं आणि नऊ जणांनी अंगठा दाबला. आणि तीच गोष्ट वारंवार कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय, आणि शहाण्या माणसालाही चुकत नाही. पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आठवतात? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला त्यावरून पाच भिक्षेकरी माणसांना जमावानं ठार मारलं. फॉरवर्ड करायच्या आधी कुठल्या गावचं, कोणत्या तारखेचं, पोलीस ठाणं कोणतं, एवढं बघा. नसेल तर तिथंच ठेवा.

मी सोता डोळ्यानं पाहिलं हाये, त्याच्यावर तर शंका नको!

त्याच्यावर जरा जास्तच घ्या. एलिझाबेथ लोफ्टस यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं गाड्या "धडकल्या" तेव्हा स्पीड किती, काहींना "एकमेकींचा चुराडा केला" असा शब्द वापरून. दुसऱ्यांनी स्पीड जास्त सांगितला. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चुराडावाल्यांतले ३२ टक्के हो म्हणाले, धडकवाल्यांतले १४. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. बांधावरच्या भांडणाचा साक्षीदार पारावर चार वेळा गोष्ट सांगून कोर्टात येतो तेव्हा काय होत असेल बघा.

म्हणे सायकॉलॉजीचेच प्रयोग खोटे निघाले. मग तुमचं काऊन ऐकावं?

खोटे म्हणण्यापेक्षा बरेच परत जमले नाहीत. २०१५ मध्ये १०० अभ्यास नव्यानं करून बघितले, ३६ टक्क्यांतच आधीसारखा ठोस निकाल आला. अब्रू गेलीच, कारण लहान गट, ओढूनताणून काढलेले निकाल, आणि चमकदार तेवढंच छापायची सवय. पण हे उघड कोणी केलं? मानसशास्त्रवाल्यांनीच, आपले दोष आपणच मोजून. आता बरेच जण प्रयोगाच्या आधीच काय मोजणार ते नोंदवून ठेवतात, म्हणजे वर भेंडवळसाठी सांगितलेली वहीच. या पानावरचं कोणतंही तुम्हाला पटलं नाही तर तपासा, मला राग नाही.

मग देव मानायचा का नाही?

ते तुमचं तुम्ही बघा, या पानाचा तो विषय नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस लोकांना नुसतं सांगत बसत नव्हता, विचारत होता, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत होता. घरात सासूबाईंशी, आबाशी बोलताना मला ती रीत बरी वाटते. "हे थोतांड आहे" म्हटलं की माणूस हटून बसतो. "मामाजी, मागच्या साली न करता काय झालं होतं?" एवढं विचारा आणि गप बसा.

पोरीले सायकॉलॉजी घ्यायची हाये. बीए करून सुई देता येते का?

नाही. गोळ्या-इंजेक्शन सायकियाट्रिस्ट देतो, तो आधी एमबीबीएस असतो. सायकॉलॉजिस्ट बोलून, चाचण्या घेऊन काम करतो, त्याला बीएनंतर एमए आणि पुढचं प्रशिक्षण लागतं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पोरीला गणिताची भीती असली तर आधीच सांगून ठेवा, पुढं संख्याशास्त्राचा पेपर येतो आणि अर्धी पोट्टी तिथंच अडकतात.